समोरच्या काकांचे उंदीर

बातमीवर विश्वास न ठेवण्यात आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या काकांचा हात धरणारा माणूस अख्ख्या नाशकात सापडायचा नाही. शपथेवर सांगतो, सूर्य उगवल्याचं पेपरात छापून आलं असतं, तरी काका आधी गॅलरीत जाऊन खात्री करून आले असते. सगळी नोकरी त्यांनी एका औषधाच्या प्रयोगशाळेत उंदीर सांभाळण्यात घालवली. त्यामुळे पेपरसुद्धा ते शेपटी धरावी तसा चिमटीत उचलत, आणि ‘प्रतिकारशक्ती’ हा शब्द दिसला रे दिसला की खेकसत, "कुणाची? उंदराचीच ना?"

एकदा सिन्नरहून एक काढेवाला सोसायटीत आला. सर्दीपासून काविळीपर्यंत सगळ्यावर एकच बाटली. "प्राण्यांवर सिद्ध झालंय, काका," एवढं तो बोलला आणि फसला. "अरे बाबा, असले उंदीर मी वाढवलेत! एका वयाचे, एका वजनाचे, एकाच घराण्यातले. वेळेवर दाणा, बसायला ताजा भुसा. त्यातल्या एकानं तरी द्वारका चौकात सिग्नलला उभं राहून धूर खाल्लाय का?" आतून काकूंची हाक आली, "अहो, सोडा त्याला, पोहे गार होतायत!" काढेवाला जो पळाला तो थेट सिन्नरच्या जीपमध्ये जाऊन बसला. बाटल्या जिन्यातच राहिल्या.

पुढे काकूंना वरचेवर न्यूमोनिया व्हायला लागला. तिसऱ्यांदा दवाखान्यातून घरी आल्या, त्या अंथरुणालाच खिळल्या. पोह्यांची हाक बंद झाली. एका सकाळी काका माझ्या दारात. हातात कात्रण, घड्या घालून घालून मऊ पडलेलं. ‘नाकात एकच फवारा, सगळ्या जंतूंपासून संरक्षण!’

"जरा वाचा हो. चष्मा सापडत नाहीये." चष्मा खिशातून डोकावत होता.

साधी गोष्ट साधेपणानं सांगणं मला कधी जमलेलं नाही. त्यांना हवं ते वाचून दाखवता आलं असतं. पण या माणसापुढे जीभ वळेना.

"काका, शेवटच्या ओळीत... उंदीर आहेत."

"वाटलंच मला." त्यांनी कात्रण परत हातात घेतलं. मग हळूच म्हणाले, "पण ते वाचले ना?"

"वाचले. सगळे."

‘सगळे’ हे माझ्या पदरचं. पेपरात तसं काहीच नव्हतं. काकांना ते कळलं असणारच. पण त्यांनी पुरावा मागितला नाही. कात्रणाची पुन्हा घडी घातली, खिशात चष्म्याशेजारी जपून ठेवली, आणि काकूंसाठी पोहे भिजवायला गेले.