भाच्यानं रुंद केलेलं वळण

६ मार्च. संध्याकाळी तुरीच्या डाळीला एरंडेल चोळत होते. हात तेलकट होते, म्हणून फोन यजमानांनी उचलला आणि माझ्या कानाला लावला. त्यांचं नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. काळा चष्मा लावून ते दिवसभर घरात बसून कंटाळले होते, त्यामुळे कुणाचाही फोन आला की त्यांना बरं वाटायचं.

फोन पिंपळगाव राजाहून होता, माझ्या वहिनीचा. तिच्या पोटात गाठ निघाली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या बुलढाण्याच्या दवाखान्यात भरती व्हायचं होतं. डॉक्टर बाहेरून येणारे. त्यांची तारीख मोठ्या मुश्किलीनं मिळाली होती.

"बाई, म्या त्या गाडीवाल्याले नाही म्हटलं," वहिनी म्हणाली.

"काऊन?"

"त्याचे डोये लाल होते."

"मंग दादासंगं एसटीनं या."

"एसटीलेही डायवरच असते. तुम्ही घ्याले आल्या तं येतो. नाही तं राहू द्या थे ऑपरेशन."

दादा मागून काहीतरी ओरडला. त्याला मोटारसायकलपलीकडे काही येत नाही, आणि गाठीचं बाईमाणूस मोटारसायकलवर घाट चढवून आणता येत नाही.

"येते," मी म्हणाले आणि यजमानांना फोन बंद करायची खूण केली. मग परत डाळीत हात घातले.

वहिनीचं कारण मला ठाऊक होतं. मागच्या वर्षी तिचा मुलगा गेला. पुण्याहून भाड्याच्या गाडीनं येत होता. तो मागे झोपला होता, पहाटे ड्रायव्हरचा डोळा लागला आणि गाडी उभ्या ट्रकवर गेली. भाचा मोबाईलवरचे गेम बनवायचा. त्यामुळे गावात लगेच उठलं की पोरगा गेम खेळत गाडी चालवत होता. तो चालवतच नव्हता. मी हे किती जणांना सांगितलं, पण लोकांना पहिलीच गोष्ट आवडली होती.

पुण्याची नोकरी सोडून त्यानं स्वतःचा गेम करायला घेतला तेव्हा तो आमच्याकडे बरेच दिवस राहिला होता. गेम आमच्याच घाटाचा. काळी-पिवळी जीप, तिच्यात कोंबलेले प्रवासी, आणि बुलढाण्याहून खाली उतरायचं. उंबरठ्यावर बसून तो माझ्या हातात मोबाईल द्यायचा.

"मीच काऊन? मले सायकल येत नाही."

"म्हणूनच तू पाह्यजे, आत्या. ज्याले गाडी येते तो काय सांगीन मले?"

मी खेळत असताना तो एक शब्द बोलायचा नाही. बोट दाखवायचा मोह होऊ नये म्हणून दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसायचा. मी चुकले की त्याचा चेहरा पाहण्यासारखा होई. एक उजवं वळण आहे, डाव्या हाताला दरी. तिथं कडेला सलईचं एक वाकडं झाड आहे, पांढुरकं, दुरून दिसतं. मी झाडापर्यंत जायची, मग वळवायची, आणि जीप दरीत. प्रवासी बोंबलत खाली. पुन्हा खेळले की पुन्हा तेच. मी चिडून मोबाईल खाली ठेवला आणि भाजी चिरायला गेले.

दुसऱ्या दिवशी त्यानं परत मोबाईल दिला. या वेळी झाडाशी वळवलं आणि जीप सुखरूप गेली. मला फार आनंद झाला.

"पाह्य, जमलं मले!"

"हाव," तो हसत म्हणाला, "एकदम फर्स्टक्लास."

तो गेल्यानंतर मी ड्रायव्हिंग शिकले. भावनेपोटी नाही; यजमानांना धूसर दिसायला लागलं होतं आणि गाडी दारात धूळ खात होती. लायसन्स मिळालं. गावात बाजारापर्यंत, देवळापर्यंत नेत होते. दिवाळीनंतर एकदाच घाटात घातली, यजमान शेजारी होते. त्याच वळणावर डावं चाक खडीत गेलं. यजमानांनी हँडब्रेक ओढला. कठडा तिथं तुटलेला आहे. खाली सागाचे शेंडे दिसत होते, आपल्याला झाडांचे शेंडे वरून कधी दिसत नाहीत. गाडी यजमानांनीच, धूसर दिसत असताना, हळूहळू वर आणली. तेव्हापासून मी घाटाचं नाव काढलं नव्हतं.

आता उद्या एकटीनं उतरायचं, आणि परत येताना शेजारी वहिनी.

हात धुतले, स्वयंपाक उरकला. मग सराव म्हणून भाच्याचा गेम उघडला. पुरा झालेला नव्हता, पण माझ्या मोबाईलमध्ये त्यानं घालून दिलेला तसाच होता. जीप निघाली. झाड आलं, वळवलं, गेले. पुन्हा खेळले, पुन्हा गेले. एकदाही पडले नाही.

"इथं तं मले बरोबर जमते," मी म्हणाले. "खऱ्या घाटात काय होते कोण जाणे."

यजमान चष्म्याआडून बघत होते. "जमणारच. त्यानं थे वळण रुंद केलं होतं ना तुह्यासाठी."

"काय?"

"तुले नाही सांगितलं? मले म्हणे, काका, आत्या काही आधी वळवत नाही, मंग रस्ताच रुंद करून टाकला. लोक पहिल्याच डावात पडले तं गेम फेकून देतात म्हणे."

मी मोबाईल उलटा ठेवला. पोरानं माझी चूक सुधारली नव्हती, माझ्या चुकीच्या मापाचा रस्ता बनवून दिला होता. आणि मी तो रस्ता हातांना पाठ करून ठेवला होता. आता सराव करत बसले तेही तेच. खरं झाड दिसलं की हात तेव्हाच वळणार होते, म्हणजे उशिरा.

"आता बांधकाम खात्याले फोन लावतो," यजमान म्हणाले. "म्हणतो, आमची बायको येऊन राह्यली, तेवढं वळण रुंद करा."

मी हसले नाही. दादाला फोन करून नाही म्हणावं असं फार वाटलं. फोन हातात घेतलाही. पण वहिनी दुसऱ्या कुणाच्या गाडीत बसणार नव्हती, आणि डॉक्टरांची पुढची तारीख कधी मिळेल ते कुणी सांगत नव्हतं. गाठ तारखेसाठी थांबत नाही. फोन ठेवला. जेवण गेलं नाही. झोपले, पण डोळे मिटले की सलईचं झाड जवळ येत होतं.

सकाळी उजाडल्यावर निघाले. यजमान बरोबर येतो म्हणाले, पण डोळ्याला धूळ नको म्हणून त्यांना घरीच ठेवलं. घाट सुरू झाल्यावर पहिल्या गियरमध्ये चालवली. मागच्या दूधवाल्यानं हॉर्न वाजवून वाजवून मला ओलांडलं. झाड दुरून दिसताच कडेची रुंद जागा पाहून गाडी थांबवली, हँडब्रेक ओढला, उतरले आणि मागच्या चाकाला पुढून दगड लावला.

वळणापर्यंत चालत गेले. झाडाशी उभी राहिले. तिथून वळायला रस्ताच उरत नव्हता, समोर तुटका कठडा आणि शेंडे. नीट पाहून घेतलं. मग मागे मागे येत गेले. झाडाच्या बरंच अलीकडे उजव्या बाजूला डोंगरातून पाण्याचा पाईप बाहेर आला होता. वळायला इथंच सुरुवात करायची. पाईपकडे बघायचं, झाडाकडे बघायचंच नाही. हे दोनदा मोठ्यानं म्हटलं. कठड्यावरची माकडं बघत होती.

गाडीत बसले, दगड काढायचा राहिला म्हणून परत उतरले. पाईप आला, वळवलं. झाड डाव्या हातानं मागे गेलं. मी त्याच्याकडे पाहिलं नाही.

वहिनी पिशवी घेऊन फाटकातच उभी होती. तिनं आधी माझे डोळे पाहिले.

"झोपल्या नाही तुम्ही."

"झोपले. घाट उतरून आले ना एवढा?"

"कसा होता?"

"होता तसाच आहे," मी म्हणाले. "पिशवी मागं ठेवा. पुढं बसा. बेल्ट लावा."