झावळ्यांच्या रविवारी आलेली जीप

स्पेरियोसाची आई बाळंतपणात गेली आणि तान्ह्या भावाला, अनास्ताजला, तिनंच पाठीला बांधून वाढवलं. रुगोबेच्या टेकडीवर लोक म्हणायचे, या पोराला दोन आया, एक मेलेली नि एक अजून फ्रॉकातली. पोरगा शिकला, सैन्यात गेला, कर्नल झाला. जातीनं ही हुतू माणसं, पण स्पेरियोसानं रुतायिसिरे नावाच्या तुत्सी सुताराशी लग्न केलं. भाऊ लग्नात जेवून गेला, मेहुण्याला मात्र त्यानं कधी नावानं हाक मारली नाही.

ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी ती चर्चमधून परतली तर दारात लष्कराची जीप उभी. कर्नलसाहेबांची बायको अडली आहे, लगेच चला, असं सार्जंटनं सांगितलं. ती दोघी मुलींना घेऊ लागली, तसा तो म्हणाला, "एकट्या तुम्हालाच आणायला सांगितलंय. पोरी त्यांच्या बापाच्या, म्हणाले साहेब."

चुलीवर रताळी उकडत होती. मोठीला ती उतरवायला सांगून स्पेरियोसा निघाली.

राजधानीत, किगालीत पोचली तर भावजय अंगणात भाजीसाठी कसाव्याचा पाला कुटत होती, चांगली धडधाकट. भाऊ एवढंच म्हणाला, "ताई, इथंच राहा. काही विचारू नकोस." फाटकावर शिपाई होते. ईस्टर झाला, राष्ट्राध्यक्षांचं विमान पडलं आणि तुत्सींची कत्तल सुरू झाली. ती टेकडीवर परतली तेव्हा घराला छप्पर नव्हतं. नवरा आणि मुली चर्चमागच्या खड्ड्यात होती.

पुढे अरुशाच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात अनास्ताजवर खटला उभा राहिला. टेकड्याटेकड्यांवर हत्यारं त्यानंच पोचवली होती, असा आरोप होता. त्याचा वकील रुगोबेला आला. ज्यानं तुत्सीच्या बायकोला वाचवलं तो वंशसंहार कसा करेल, एवढंच सांगा म्हणाला. शेजारणींनी तिच्याशी बोलणं टाकलं. तरी ती साक्षीला गेली. पाठीवर वाढवलेलं पोर होतं.

"भावानं तुमचा जीव वाचवला?"

"वाचवला."

वकील समाधानानं खाली बसला. मग फिर्यादी पक्षाच्या वकीलबाई उठल्या. जीप कधी आली, एवढंच त्यांनी विचारलं.

"झावळ्यांच्या रविवारी."

"म्हणजे विमान पडायच्या आधी?"

स्पेरियोसानं भावाकडे पाहिलं. हे तिला इतकी वर्षं ठाऊक होतं, पण कुणी तोंडावर विचारलं नव्हतं. समोर अनास्ताज मान खाली घालून चष्मा पुसत बसला होता.

"आधी," ती म्हणाली. "त्याला सगळं माहीत होतं."

त्याला जन्मठेप झाली. भावजयीनं निरोप धाडला, तुला नणंद म्हणायची लाज वाटते. शेजारणीही पुन्हा बोलल्या नाहीत. भावाच्या बाजूनं साक्षीला गेली ती गेलीच. काही वर्षांनी तो परदेशातल्या तुरुंगात वारला. बातमी आली त्या दिवशीही ती घेवड्याच्या शेतात खुरपायला गेली आणि वाफ्यातच बसून रडली. बांधावरून जाणाऱ्या एका बाईनं विचारलं, कुणासाठी गं?

तिनं डोळे पुसले आणि पुढचा वाफा खुरपायला घेतला.