भोंग्याची सुट्टी

चिंचेने घासलेल्या पितळेचा वास आला की मला इंदूरच्या गिरणीवस्तीतली ती सरकारी शाळा आठवते. मी तिथे नवीन मास्तरीण होते. शाळा सुधारायची म्हणून वरून पितळेची घंटा आली. आम्ही ती चिंचेने लखलखीत घासली, पण मोठ्या बैनजींनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकेने, ती कपाटात ठेवून दिली. “आपली छुट्टी तर मिलच्या भोंग्यावर होते, हिचं काय काम,” त्या म्हणाल्या. त्याच दुपारी भोंगा वाजला नाही. मुलं दप्तरं पाठीला लावून बसून राहिली, ऊन भिंतीवरून सरकत गेलं, आणि मग माझ्या ध्यानात आलं की गिरणीची रोजची घरघरही थांबली आहे. शेवटी बैनजींनी घंटा काढून स्वतः ठोकली. एकही मूल उठलं नाही. मी फाटकाशी गेले, तर दुपारच्या पाळीला गेलेले मुलांचे बाप तिथे उभे होते, हातात भरलेले डबे घेऊन. “मुलांना न्यायला आलात?” मी विचारलं. “नहीं बैनजी,” एकजण खाली बघत म्हणाला, “मिल पे ताला लग गया. इनको थोड़ी देर और बैठा लो.” आता नातवाच्या शाळेची घंटा वाजली की मुलं धावत सुटतात, आणि मी आधी फाटकाबाहेर उभ्या असलेल्या बापांचे हात बघते.