कन्सर्नकाका

समोरचा नुसतं "चहा बेकार आहे" म्हणाला तरी कन्सर्नकाका विचारायचे, "कुठल्या पायरीवर?" चहाबद्दल नुसता खेद आहे, की चिंता वाटावी इतका तो बिघडलाय, की अजिबात चालणारच नाही, हे ठरल्याशिवाय त्यांना पुढे बोलताच येत नसे. आखातात बांधकामाच्या धंद्यात चार वर्षं काढलेल्या कुणालाही असा एखादा काका आठवेल. दुसऱ्यांची नाराजी लिहून देण्यावर ज्याचं पोट चालतं, असा.

आमची कंपनी डॅनिश सल्लागारांची. रस्त्याखालून पाण्याची मोठी वाहिनी टाकायचं काम ठेकेदार करायचा आणि आम्ही त्याच्यावर देखरेख ठेवायचो. ठेकेदाराचं काही चुकलं की त्याला इंग्रजीत पत्र जाई आणि ते पत्र काका लिहीत. त्यांची बरीचशी पत्रं 'वी नोट विथ कन्सर्न'ने सुरू होत, म्हणून ऑफिसातल्या कुणीतरी हे नाव ठेवलं. मूळ आडनाव फक्त पगाराच्या स्लिपवर उरलं होतं. मी त्यांच्या हाताखाली लागलो तेव्हा नवा होतो. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला. वडील मोंढ्यात हमाल. हे मी सगळीकडे सांगतो, कारण सांगण्यासारखं आहे.

आमचा प्रोजेक्ट डायरेक्टर येन्स नावाचा उंच डॅनिश माणूस. साइटवरून लालबुंद होऊन यायचा, हेल्मेट टेबलावर ठेवायचा आणि काकांकडे बघून डॅनिशमध्ये एक-दोन शब्द बोलायचा. तेवढे शब्द काकांना पुरत. 'एअरगर्लित' म्हणाला की पत्रात 'रिग्रेट'. 'उतिल्फ्रेस', म्हणजे असमाधानी, म्हणाला की 'कन्सर्न'. 'स्कुफेत' म्हणजे माणूस मनातून निराश झालाय, तिथे 'डिसअपॉइंटमेंट'. आणि 'फॉर डोर्लित' आलं की काका खुर्ची पुढे ओढत आणि 'होली अनअक्सेप्टेबल' लिहीत. या शब्दांचे उच्चार काका वाचल्यासारखे करत. येन्स हसायचा, पण कधी दुरुस्त करत नसे. सगळं ऑफिस त्याला येन्स म्हणायचं. काका एकटे मिस्टर येन्स म्हणत.

पहिल्याच आठवड्यात ठेकेदाराने नियम मोडून भर दुपारच्या उन्हात काँक्रीट ओतलं आणि पत्र लिहायला मला बसवलं. मी लिहिलं, आम्ही फार रागावलो आहोत. काकांनी वाचलं आणि चष्मा काढून पुसत बसले.

"राग माणसाला येतो रे. कंपनीला चिंता वाटते."

"पण येन्स तर रागावलाय, काका."

"तो रागावू दे. त्याच्या गावात चालतं ते."

येन्सचं गाव काकांनी पाहिलं होतं. कंपनीने त्यांना एकदा वर्षभर कोपनहेगनला ठेवलं होतं. तिथला शेजारी पहिल्याच आठवड्यात दारात येऊन म्हणाला, तुमच्या फोडणीच्या वासावर मी उतिल्फ्रेस आहे. एवढं बोलून झाल्यावर, आत काय शिजतंय ते विचारलं आणि जेवायलाच थांबला. काका हे सांगत तेव्हा दर वेळी मान हलवत. "आपल्याकडं असं कुणी म्हटलं तर दोन पिढ्या बोलणं बंद. तो मात्र पुढच्या शुक्रवारी पुन्हा ताट घेऊन हजर."

आम्ही दोघं नजमा नावाच्या वस्तीत एकाच फ्लॅटवर राहायचो. माझ्या खोलीत आणखी दोघं होते, काकांना वयाचा मान म्हणून स्वतंत्र खोली होती. त्या खोलीतला एसी गळायचा. इमारतीच्या वॉचमनला काका सांगत, "भाई, एसी के बारे में थोडी चिंता है." तो म्हणे, "इन्शाल्ला, साब." असा अख्खा उन्हाळा गेला. काका पलंगाशेजारी बादली ठेवून झोपत. शेवटी मीच खाली गेलो आणि आमच्या मोंढ्याच्या भाषेत बोललो. संध्याकाळी मेकॅनिक आला. काकांनी मला चहा पाजला, पण म्हणाले, "काम झालं. माणूस दुखावला मात्र." मला हसू आलं. आमच्या घरात नाराजी भांडं आपटून कळते आणि पुढच्या जेवणापर्यंत संपतेही.

काकांचं खरं दुखणं कराडला होतं. त्यांच्या बायकोला, मंगलकाकूंना, अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. डावा हात उचलत नव्हता, पाय ओढत चालायच्या. मुलगी लांब दिलेली. सकाळी एक बाई यायची, पुढचा सगळा दिवस काकू एकट्या. काकांना नोकरी सोडून घरी जायचं होतं, दुसरं काही नको होतं. रोज संध्याकाळी फोनवर म्हणत, "येतोय गं, बोलतो मिस्टर येन्सशी." एकदा फोन स्पीकरवर होता, तेव्हा काकूंचा आवाज मी ऐकला. शब्द जड पडत होते, पण स्पष्ट होते. "बोलताय का पत्र लिवताय त्येला?"

ते खरंच बोलले होते. करार वाढवायची वेळ आली तेव्हा मी केबिनबाहेरच बसलो होतो आणि दार उघडं होतं. काका म्हणाले, "मिस्टर येन्स, माझ्या एक्स्टेन्शनबद्दल मला थोडा कन्सर्न आहे." येन्स लगेच उठला आणि त्याने काकांच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, अजिबात काळजी करू नका, तुमचं एक्स्टेन्शन मी आधीच मंजूर करून घेतलंय. हा माणूस नोकरी जाईल म्हणून घाबरलाय, असं त्याला वाटलं होतं. काका त्याला "थँक यू" म्हणून बाहेर आले. पुढच्या वेळी करार वाढला तोही असाच.

"अहो, सरळ सांगायचं ना, जायचंय म्हणून," मी चिडून म्हणालो.

काका म्हणाले, "मी आलो तेव्हा पासपोर्ट कंपनीच्या कपाटात असायचा. देशाबाहेर जायला साहेबाची सही लागायची. सहीवाल्याशी कसं बोलायचं, ते तेव्हा शिकलो. आता कायदे बदलले. जीभ तीच आहे."

मग एके दिवशी सकाळी कराडहून शेजाऱ्यांचा फोन आला. काकू न्हाणीत पडल्या होत्या. खुब्याचं हाड मोडलं होतं आणि कामवाली बाई येईपर्यंत त्या तशाच फरशीवर पडून होत्या. काका ऑफिसच्या गाडीत माझ्या शेजारी बसले होते. काय बोलायचं त्याची ते मनात जुळवाजुळव करत होते, ओठ हलताना दिसत होते. इंग्रजीतच चाललं होतं सगळं. 'इन व्ह्यू ऑफ' एवढं मला ऐकू आलं.

"काका," मी म्हणालो, "डॅनिशमध्ये सांगा."

"मला कुठं येते धड?"

"म्हणूनच. त्या भाषेत तुम्हाला मऊ बोलताच येत नाही."

ऑफिसात पोचल्यावर काका पाणी न पिता सरळ केबिनमध्ये गेले. मी दारापर्यंत मागे गेलो. येन्स कॉम्प्युटरमध्ये डोकं घालून बसला होता. काका उभ्यानेच म्हणाले, "याय एर उतिल्फ्रेस. याय विल येम." मी समाधानी नाही. मला घरी जायचंय.

येन्सने मान वर केली. "वोर्नोर?" कधी?

"नू," काका म्हणाले. आत्ता.

पुढचं इंग्रजीत झालं. येन्सने विचारलं, हे कधीपासून मनात आहे? काकांनी काकूंच्या आजारापासूनचं सगळं सांगितलं. येन्सचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला. म्हणाला, म्हणजे दोन वेळा मी तुम्हाला इथे ठेवून घेतलं, आणि तुम्ही दोन्ही वेळा माझे आभार मानलेत? येन्सने तिथेच एचआरला फोन लावला. नोटीस पीरियड नको, आज रात्रीचं तिकीट काढा, म्हणाला. चहा निवायच्या आत सगळं मिटलं.

मला वाटलं, काका मोकळे होऊन बाहेर येतील. ते आले आणि माझ्या टेबलापाशी बसले. समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाले, "एवढंच होतं, अरे. तिनं तिथं एवढे दिवस काढले, आणि इथं एवढंच होतं."

त्या रात्री त्यांना विमानतळावर सोडायला मी गेलो. आत जाताना त्यांनी माझी कॉलर नीट केली. "चांगला इंजिनिअर आहेस. पत्रांत अडकू नकोस," म्हणाले.

काकू दिवाळीपर्यंत होत्या. तोवर काका त्यांचे केस विंचरायचे, औषधं द्यायचे, खुबा जोडल्यावर त्यांना धरून अंगणात फिरवायचे. फोनवर मी विचारलं तर म्हणत, "बरं चाललंय." काकू गेल्या त्यानंतरच्या फोनवर मात्र म्हणाले, "पुरलं नाही रे." एवढंच.

आता ती पत्रं मी लिहितो. दुसरा माणूस मिळेपर्यंत म्हणून बसवलं होतं, तो अजून मिळालेला नाही. गावाकडे घराचं काम सुरू आहे, धाकट्या भावाचं कॉलेज बाकी आहे. करार वाढवायची वेळ आली की येन्स मला आत बोलावतो, दार लावून घेतो आणि विचारतो, तुला खरंच राहायचंय? मी हो म्हणतो. काका होते तेव्हा तो एवढ्यावर सही करायचा. आता पेन खाली ठेवतो आणि तेच पुन्हा विचारतो. दुसऱ्या वेळी उत्तर द्यायला मला वेळ लागतो.