न धुतलेला पुदिना

मंडळी, शेजारच्या शबानाभाभींच्या घरी बसून लिहितेय. जीव थाऱ्यावर नाही.

सकाळी गच्चीवरच्या पुदिन्यावर मावा दिसला, म्हणून दशपर्णी अर्क फवारला. घरीच केलेला, कडुनिंबाबरोबर धोतरा आणि कण्हेरीचा पाला कुजवून. शेवटचे दोन्ही पोटात जाऊ नयेत असे.

दुपारी भाभी चटणीची वाटी घेऊन आल्या. पुदिना माझ्याच कुंडीतला.

"धुतला होता ना?" मी विचारलं.

"नाय ओ ताई. तुम्हीच म्हणता ना, आपण औषध मारत नाय, तोडा आन् खा. अब्बांनी तर दोन भाकरी खाल्ल्या चटणीसंगं."

अब्बा म्हणजे त्यांचे म्हातारे सासरे. लगेच डॉक्टरांना फोन केला. लक्ष ठेवा, उलटी किंवा चक्कर आली तर तडक घेऊन या, म्हणाले. तेव्हापासून मी अब्बांच्या समोरून हललेली नाही. ते निवांत पान लावतायत आणि मलाच विचारतायत, "बेटी, तबियत बरी नाय का?"

गच्चीवर लावायला पुठ्ठा घेतलाय. 'आज फवारणी केली आहे' एवढं लिहून झालं. सगळ्या गल्लीला 'विषमुक्त' भाजी वाटणाऱ्या बाईनं पुढं काय लिहावं, तुम्हीच सांगा.