कार्पेटवरचा काटा

हे मी इतकी वर्षं सांगितलं नाही. बायकोला नाही, मुलाला नाही. विषय त्या बाजूला वळला की मी दुसरंच काहीतरी काढायचो. आता बायको नाही. सिंगापुरात पासिर रिसला मुलाकडे राहतो, सकाळी समुद्राच्या कडेने चालून येतो, आणि उरलेला दिवस हेच डोक्यात घोळत राहतं. म्हणून लिहितो आहे.

सुरुवात खडकीत झाली.

मी बॉक्सिंग क्लबच्या दारात उभा. अंगात बनियन, पाय अनवाणी. आत सेक्रेटरींच्या खोलीत मारुतीच्या तसबिरीखाली वजनकाटा होता. स्पर्धेआधी सगळ्या मुलांची वजनं व्हायची. एकेक जण आत जात होता, बाहेर येत होता. माझी पाळी आली तेव्हा सेक्रेटरी मान वर न करता म्हणाले, "तू आत नको येऊस. तुझं समोर करून घे."

समोर म्हणजे रस्त्यापलीकडे, भंगारवाल्याकडे.

माझे वडील कॅन्टोन्मेंटच्या संडासांवर कामाला होते. क्लबला ते माहीत होतं. रिंगमध्ये माझा घाम त्यांच्या मुलांच्या अंगाला लागायचा, ते चालायचं. काट्यावर माझे पाय चालत नव्हते.

पत्रे आणि सायकलींच्या रिमा बाजूला सारून मी भंगाराच्या काट्यावर उभा राहिलो. भंगारवाला हसत म्हणाला, "काय भाव लावू रे तुझा?" त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. पण त्याचा काटा माल विकत घेणाऱ्याचा काटा होता. तो कमीच दाखवायचा. मला कुठून कळणार? वजन बसतंय म्हणून मी निर्धास्त झालो, पोटभर जेवलो. स्पर्धेच्या जागी खऱ्या काट्यावर चढलो आणि गटाच्या वर निघालो. बाद.

मी म्हणालो, तुम्हीच पाठवलं होतं तिकडे. सेक्रेटरी माझ्याशी बोललेच नाहीत. शेजारच्या पंचांना म्हणाले, "ह्यांच्यात शिस्त कुठली? ताट दिसलं की तुटून पडतात."

पंच हसले. मग क्लबची मुलंही हसली.

ग्लोव्ह्ज क्लबचे होते. ते मी तिथेच जमिनीवर ठेवले आणि घरी आलो. माझा डावा हात चांगला होता, म्हणून पुढे सेक्रेटरींचा निरोप आला. मी उलट निरोप दिला, "आधी काटा बाहेर आणा." काटा बाहेर आला नाही. मीही गेलो नाही.

इथवरचं मी पुष्कळदा सांगितलं आहे. सभांमधून सांगितलं, टाळ्या घेतल्या. जे सांगितलं नाही ते इथून पुढे.

शिकलो. बँकेत लागलो. बँकेतून सिंगापूर, रॅफल्स प्लेसचं ऑफिस, बिशानचा फ्लॅट, कायमच्या रहिवासाचा पीआर. बॉक्सिंग मात्र सुटलं नव्हतं. इथल्या व्यावसायिक लढतींमध्ये सुट्टीच्या दिवशी अधिकारी म्हणून जायला लागलो. कोणतं काम घेता, असं विचारल्यावर मी काट्याचं मागून घेतलं. माझ्या काट्यावरून कुणाला बाहेर पाठवलं जाणार नाही, असं मनाशी होतं.

लढती भरवणारा सबनीस पुण्याचा. फायनान्समधला, ईस्ट कोस्टला काँडो, गोड बोलायचा. पहिल्या भेटीत त्याने आडनाव विचारलं, मग गाव विचारलं, मग "अच्छा" म्हणाला आणि थांबला. तो अच्छा मी आयुष्यभर ओळखत आलो आहे. पण नंतर त्याने मला काका म्हणायला सुरुवात केली. दिवाळीच्या फराळाला घरी बोलावलं. पाहुण्यांना सांगितलं, "हे आमचे काका. काट्याचे मालक." मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं.

त्या साली त्याने आपल्या इथल्या एका मुलासमोर ओसाकाचा बॉक्सर आणला. ताकेओ. बॉक्सिंगमधला सर्वांत हलका गट. ही माणसं लांबून शाळकरी पोरांसारखी दिसतात. शाळा संपताच तो व्यावसायिक झाला. पहाटे मासळीबाजारात खोकी उचलायची, संध्याकाळी जिम. सुरुवातीला जिंकत गेला, जपानच्या किताबापर्यंत पोहोचला आणि तिथे थोडक्यात हरला. मग परदेशातली बोलावणी यायला लागली. बँकॉक, मनिला. कुणाच्या तरी लाडक्या मुलाला एक बरा विजय हवा असतो, तेव्हा असा माणूस बोलावतात. ताकेओ कधीकधी तिथेही जिंकून यायचा. आता तिशी ओलांडली होती. इथे जिंकला तर किताबाची आणखी एक संधी, हरला तर संपलं. हे त्याच्या म्हाताऱ्या ट्रेनरने मला हॉकर सेंटरमध्ये कॉफी पिताना मोडक्या इंग्रजीत सांगितलं होतं.

वजनाच्या दिवशी सकाळी मागच्या खोलीत, फरशीवर, ताकेओने माझ्याच काट्यावर वजन पाहिलं. बरोबर होतं. तो काट्याला वाकून नमस्कार करून गेला. ही त्यांची पद्धत.

मग सबनीसला फोटो हवे होते. हॉटेलच्या हॉलमध्ये स्टेज, मागे प्रायोजकांची नावं, खाली जाड नवं कार्पेट. काटा उचलून कार्पेटवर ठेवला गेला. काटा मऊ जागेवर ठेवायचा नसतो, पाय रुततात, आकडा फिरतो. माझं कामच ते होतं. मी सबनीसला म्हटलं, खाली फळी घालू. तो म्हणाला, फोटोत घाण दिसेल. मी फळी आणली नाही.

सबनीसचा बॉक्सर मुळातच गटाच्या बराच खाली होता. त्याला फरक पडला नाही. ताकेओ चढला आणि वर निघाला.

त्याने चड्डीही उतरवली. अशा वेळी दोन माणसं टॉवेल धरून आडोसा करतात. एक टोक ट्रेनरने धरलं, एक मी. टॉवेलमागे तो उभा, बरगड्या मोजून घ्याव्यात असा, ओठ फाटलेले. आकडा तरीही वरच. ट्रेनर खाली बोट दाखवून मला म्हणाला, "फ्लोअर. प्लीज, फ्लोअर."

त्याला कळलं होतं. मलाही कळलं होतं. काटा उचलून फरशीवर ठेवायचा, एवढंच काम. मी सबनीसकडे पाहिलं.

समोरच्यांना कळू नये म्हणून तो मराठीत बोलला. "काका, घोळ नको. तुम्हीच तुमच्या काट्यावर संशय घेतलात तर माझा शो गेला." आणि बाजूच्या मित्राकडे वळून म्हणाला, "बुफे दिसला असेल. ह्यांच्यात कंट्रोल कुठला?"

मित्र हसला. मी हसलो.

मी हसलो. सगळं लिहिणं या एका वाक्यासाठी आहे.

हातात टॉवेलचं टोक तसंच होतं. मी जाहीर केलं, "ओव्हर."

नियमाप्रमाणे त्याला थोडा वेळ मिळाला. रबरी सूट घालून तो कारपार्कच्या उकाड्यात दोरीवरच्या उड्या मारत राहिला. घाम येईना तेव्हा कागदी कपात थुंकत राहिला. ज्या शरीरात काढायला काही उरलं नव्हतं, त्यातून त्याने काढलं. परत आला, त्याच कार्पेटवरच्या काट्यावर चढला, वजन बसलं. पुन्हा काट्याला वाकला.

दुसऱ्या दिवशीच्या लढतीत अर्ध्यापर्यंत तो पुढे होता. मग पाय गेले. हात खाली आले. डाव्या डोळ्यावर ठोसे बसत राहिले आणि तो पडत नव्हता. शेवटी पंचांनी लढत थांबवली. तो प्रतिस्पर्ध्याच्या कोपऱ्यात जाऊन वाकला, प्रेक्षकांना वाकला, अधिकाऱ्यांच्या टेबलासमोर येऊन वाकला. मी कागद चाळत बसलो.

पुढच्या सकाळी मी हॉटेलात काटा न्यायला गेलो होतो. लॉबीत तो बॅग घेऊन उभा होता, डोळा पूर्ण मिटलेला. मला पाहून पुढे आला, वाकला. बहुधा रात्रभर पाठ केलेलं इंग्रजी. "सॉरी. माय वेट. ट्रबल फॉर यू."

मी म्हणालो, "इट्स ओके."

त्या डोळ्याचा पडदा सुटला होता. तो पुन्हा लढला नाही. ओसाकाला त्याने डोकं भादरून पत्रकारांपुढे माफी मागितली, पहिल्यांदा वजन वर निघालं म्हणून. ती चित्रफीत मी अजून बघतो. परवा नातीने पाहिली. विचारलं, "आजोबा, व्हॉट डिड ही डू?" मी म्हणालो, काहीच नाही. इथल्या पोरांच्या बोलीत ती म्हणाली, "देन व्हाय ही से सॉरी लाह?"

मी चित्रफीत बंद केली.

गेल्या महिन्यात सबनीसचा फोन आला. खेळाच्या सेवेबद्दल माझा सत्कार, शाल, श्रीफळ. मी म्हटलं, येणार नाही, काटा कार्पेटवर होता हे मी लिहिणार आहे. तो म्हणाला, "काका, ह्या वयात कशाला? तुमचंच नाव जाईल."

जाऊ दे. लहानपणी माझ्यावर हसलेल्या पंचांचं हसू मी माझ्या तोंडावर घेऊन फिरलो, ते नाव राखून मला काय करायचं आहे? सत्कार घेणार नाही. फराळाला जाणार नाही. बॉक्सिंगच्या अधिकाऱ्यांसमोर जाऊन हेच सांगणार, आणि त्यांनी ऐकलं नाही तर पुन्हा सांगणार. वजन राखलं नाही हा डाग त्याच्या नावावरून निघून माझ्या नावावर आला पाहिजे.

त्याला शोधलं. ट्रेनर वारला, जिम बंद झाली. ताकेओचा पत्ता कुणाकडे नाही. जपानीत एक वाक्य पाठ केलं आहे, चालताना समुद्राकडे तोंड करून म्हणतो. तुझं वजन बरोबर होतं, मला माहीत होतं, मला माफ कर. ते त्या सकाळी लॉबीत म्हणायचं होतं, कुठल्याही भाषेत. तो समोर वाकून उभा होता. आणि मी त्याला माफ करून काटा उचलून निघून आलो.