नळमामांची पिशवी

शाळेच्या फाटकावरचे शिपाईमामा रोज सकाळी पाना घेऊन नळांशी झटापट करताना दिसत, म्हणून मुलांनी त्यांचं नाव नळमामा ठेवलं होतं. मोठ्या बाईंना वाटे, नळ गळतात म्हणून मामा दुरुस्ती करतात. खरी गोष्ट वेगळीच होती. शाळेतले पितळी नळ दोनदा चोरीला गेले होते आणि रात्रीच्या पहारेकऱ्याची जागा रिकामीच होती. तेव्हापासून मामा संध्याकाळी टाकीचा कॉक बंद करत, सगळे नळ काढून पिशवीत भरत आणि घरी नेत. सकाळी परत बसवत.

"लोकांचे नवरे घरी येताना भाजी आणतात," बायको म्हणे, "आमचे नळ आणतात. आणि घरातला वर्षभर गळतोय, त्याला कोणी हात लावत नाही!"

"तो कोण चोरणार?" मामा म्हणत.

मग एका वर्गातला पंखा गेला आणि वरून हुकूम आला : शाळेबाहेर जाणारी प्रत्येक पिशवी फाटकावर तपासायची. पहिल्याच दिवशी पाहणीला शिक्षण खात्याचे साहेब आले. शाळा सुटल्यावर ते बाईंना घेऊन फाटकाशी उभे राहिले.

"सुरुवात तपासणाऱ्यापासूनच करू," साहेब म्हणाले. "मामा, ओता पिशवी."

मामांनी पिशवी उलटी केली. नळ खणखणत फरशीवर पडले, वर डब्याचं झाकण आणि पाना. निवृत्तीला वर्ष उरलेलं, आणि आता चोर म्हणून घरी जायची पाळी! मामांनी अडखळत सगळं सांगितलं.

"रोज घरी नेता? मग शाळेत उरतं काय?"

"फाटक उरतं, साहेब. ते पिशवीत मावत नाही."

"विनोद पुरे! उद्यापासून कामावर येऊ नका."

बाई पुढे झाल्या. त्यांनी पर्स उघडली आणि ऑफिसातलं भिंतीवरचं घड्याळ बाहेर काढलं. टिकटिक चालूच होती. "मग मलाही घरी बसवा," त्या म्हणाल्या. "आधीचं गेलं, म्हणून हे मी रोज नेते."

साहेबांनी घड्याळ पाहिलं, नळ पाहिले. "कमाल आहे तुम्हा लोकांची!" असं म्हणून ते तरातरा स्कूटरकडे निघाले. मामांच्या डोक्यात मात्र हुकूम पक्का बसलेला. घाबरल्या घाबरल्या त्यांचा हात आपोआप आडवा झाला.

"साहेब, तेवढी आपली बॅग..."

"माझी?"

"प्रत्येक पिशवी म्हटलंय, साहेब."

बाई टक लावून बघत होत्या. नाइलाजाने साहेबांनी चेन उघडली. आत कागदांच्या वर, रुमालात गुंडाळलेले स्कूटरचे दोन आरसे होते.

"त्याचं काय आहे," साहेब खाकरले, "या भागात गाडी उभी करायची म्हणजे..."

मामांनी खाली वाकून पाना उचलला.

"बसवून देऊ का, साहेब?"

साहेबांनी मुकाट्याने आरसे पुढे केले. दुसरा आरसा घट्ट होत आला तसे ते हळूच म्हणाले, "उद्या मुलं यायच्या आत नळ लागले पाहिजेत हं, मामा."